जुन्या चिठ्ठीवरची गोळी: ऑटिझम असलेल्या लेकराचा राग, झोप आणि औषधं

ऑटिझमवर गोळी नाही. भारतात नाही, अमेरिकेतही नाही. मग नागपूरहून लिहून आणलेल्या चिठ्ठीवर रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल ही नावं कशासाठी असतात? ती असतात ऑटिझमसोबत येणाऱ्या काही त्रासांसाठी. लेकरू स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं, आईच्या हाताला चावून रक्त काढतं, जेवणाचं ताट भिरकावतं, नाहीतर रात्री दोनला उठून उजाडेपर्यंत घरभर फिरतं. त्याने बोलावं, नजरेला नजर द्यावी, चार पोरांत मिसळावं यासाठी ही औषधं नसतात. तशी आशा धरून गोळी सुरू केली की काही महिन्यांत माणसं निराश होतात आणि सगळंच सोडून देतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवतो. अशी चिठ्ठी घेऊन येणारे आईबाप मला दोन टोकांवर दिसतात. काही जण गोळी घरी नेतात, पाकिटातला कागद शिकलेल्या पुतण्याकडून वाचून घेतात, त्यात ‘स्किझोफ्रेनिया’ हा आजार लिहिलेला निघतो आणि गोळी कोनाड्यातच राहते. “वेड्याची गोळी आमच्या पोट्ट्याले काऊन देली, भाऊ?” दुसरे जण नेमकं उलट करतात. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून जपतात आणि महिन्याच्या महिन्याला तीच दाखवून तेवढ्याच गोळ्या मागतात. चिठ्ठी लिहिली तेव्हा पोरगं पहिलीत होतं, आता त्याला मिसरूड फुटायला आलं, पण मधल्या काळात डॉक्टरांनी त्याला पाहिलेलंच नसतं. पहिल्या घरात लेकरू उगाच सोसतं. दुसऱ्या घरात औषधाचे दुष्परिणाम कोणाच्या ध्यानात न येता साचत जातात. या औषधांना घाबरण्याची गरज नाही, पण त्यांच्यावर नजर ठेवल्याशिवाय ती देऊही नयेत, एवढंच मला सांगायचं आहे. कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील. ती घरात आल्यावर काय बघायचं, ते मी सांगतो.

गोळीच्या आधी: लेकराला काय दुखतंय?

जे मूल बोलत नाही, त्याला दाढ दुखते हे सांगता येत नाही. ते स्वतःच्या गालावर बुक्क्या मारतं आणि घास भरवणाऱ्या आईला ओरबाडतं. कान ठणकतो तेव्हा डोकं आपटतं. म्हणून मारणं, चावणं, आपटणं अचानक सुरू झालं किंवा अचानक वाढलं, तर पहिला प्रश्न मनाच्या डॉक्टरांचा नसतो. आधी दात, कान, घसा, पोट आणि लघवीची जळजळ तपासून घ्यायची.

पोटाबद्दल थोडं जास्त बोलतो. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं मोजकेच पदार्थ खातात. एखादं फक्त पांढरा भात खातं, एखादं फक्त बिस्किटं. पालेभाजी, वरण, फळ यांना ते शिवतही नाही. त्यातून बद्धकोष्ठ होतं. चार-चार दिवस शौचाला नीट झालेलं नसतं आणि घरात कोणाला पत्ता नसतो, कारण पोरगं परसाकडे एकटंच जातं. पोट फुगलेलं मूल रात्री झोपत नाही आणि दिवसा कोणी अंगाला हात लावला की उसळतं. जंतांचंही तसंच. बारीक जंत रात्री गुदद्वाराशी येतात, तिथे खाज सुटते आणि मूल तळमळत राहतं. साधं पोट साफ करणारं औषध किंवा जंताची गोळी दिल्यावर घर शांत झालेलं पाहिलं आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

आपल्या विदर्भात आणखी एक दुखणं विसरून चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात हाडं, सांधे, पोट अचानक ठणकायला लागतात. थंडी वाजली, ताप आला, पाणी कमी पडलं की हे दुखणं उठतं. बोलणारं मूल “हात दुखून राह्यला” म्हणून रडतं. न बोलणारं मूल हात लावणाऱ्यालाच मारतं. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा लेकराचे डोळे वरचेवर पिवळे होत असतील, तर रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

फिट हे तिसरं मोठं कारण. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये मिरगीचं प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं. सगळ्याच फिट हातपाय झाडणाऱ्या नसतात. मूल मध्येच थिजल्यासारखं बघत राहतं, ओठ चाटत राहतं, किंवा झोपेतून दचकून उठतं आणि काही वेळ कोणाला ओळखत नाही. अशा मुलाला नुसती झोपेची गोळी दिली तर खरा आजार तसाच राहतो.

आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते: काही औषधंच राग आणि चुळबुळ वाढवतात. फिटसाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासेटाम काही मुलांना चिडखोर करतं. जुनं फेनोबार्बिटोन काही लहान मुलांना सुस्त करण्याऐवजी उधळवतं. दम्यासाठी आणि खोकल्यासाठी देतात त्या सॅल्ब्युटामॉलच्या सिरपने छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तसं होतं. नवं औषध सुरू झाल्यापासून मूल बिघडलं असं वाटत असेल तर तारखांसकट डॉक्टरांना सांगा. फिटचं औषध मात्र मनाने एक दिवसही थांबवू नका. अचानक बंद केल्याने उठणारी फिट कधीकधी थांबता थांबत नाही.

दुखणं नसेल तर आजूबाजूला बघा. लग्नसराईतला डीजे, पोळ्याला घरात जमलेले पाहुणे, शाळेला लागलेली सुट्टी. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते आणि रोजचा सगळा क्रम मोडतो. आपल्याला हे किरकोळ वाटतं, पण या मुलांचा जीव रोजच्या ठरलेल्या क्रमात असतो. एका वहीत लिहून ठेवा: मारहाण सुरू होण्याआधी काय चाललं होतं, लेकराने काय केलं, आणि त्यानंतर घरच्यांनी काय केलं. तिसरी गोष्ट महत्त्वाची. डोकं आपटलं की लगेच मोबाइल हातात मिळतो, हे मूल दोन दिवसांत शिकतं. मग मोबाइल मागायची त्याची रीतच ती होऊन बसते. त्याला बोट दाखवून, चित्र दाखवून, हात धरून मागायला शिकवलं तर आपटायची गरज कमी होते. हे काम थेरपीचं, आणि ते गोळीने होत नाही.

मग गोळी कधी?

लेकरू स्वतःला किंवा धाकट्या बहिणीला इजा करतंय, शाळेने दार बंद केलंय, सुनं पाहून विहिरीकडे धावतं म्हणून घरच्यांना त्याला खाटेला बांधून कामावर जावं लागतंय, आणि वर सांगितलेलं सगळं तपासून झालंय, तेव्हा गोळी हा योग्य आणि माणुसकीचा उपाय आहे. बांधून ठेवणाऱ्या आईला दोष देणारे पुष्कळ भेटतात. मी तिला दोष देणार नाही. पण मनगटावर दोरीचा वळ घेऊन वाढण्यापेक्षा नीट देखरेखीखाली घेतलेली गोळी लेकरासाठी हजारपट बरी, हे तिला सांगेन.

रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही दोन औषधं या कामासाठी सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहेत. ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी आणि आक्रमकपणासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने रिस्पेरिडोनला 2006 मध्ये 5 ते 16 वयासाठी मान्यता दिली आणि ॲरिपिप्राझोलला 2009 मध्ये 6 ते 17 वयासाठी. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी डोपामिन, सेरोटोनिन अशी रसायनं वापरतात. ही औषधं त्या निरोपांचा जोर कमी करतात. स्किझोफ्रेनियात जास्त मात्रेत तीच वापरतात, म्हणून पाकिटातल्या कागदावर ते नाव असतं. एकच औषध दोन वेगळ्या आजारांत चालतं, हे दवाखान्यात रोजचं आहे. क्लोनिडीन हे मूळचं रक्तदाबाचं औषध मुलांच्या झोपेसाठी वापरतात, तसंच हे.

फायदा किती होतो याचा अंदाज असावा. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 5 ते 17 वयाची 101 मुलं होती. निम्म्यांना रिस्पेरिडोन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 8 आठवड्यांनी रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी 69 टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली, औषध नसलेल्या गोळीवर 12 टक्क्यांमध्ये. म्हणजे औषध खरंच काम करतं. पण दहातल्या तिघांना त्याचा पुरेसा उपयोग झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनानुसार 3-4 आठवड्यांनी परत पाहायचं आणि 6 आठवड्यांत फरक दिसला नाही तर औषध थांबवायचं. आपल्याकडे फरक नसतानाही गोळी वर्षानुवर्षं चालू राहते, हे मला फार खटकतं.

सुरुवात अगदी लहान मात्रेपासून होते. वजन बघून पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमपासून रिस्पेरिडोन सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. “एवढीशी गोळी काय करणार” म्हणून घरी दुप्पट देऊ नका.

वावरात पाणी साचलं असेल तर आधी चर काढून पाणी काढावं लागतं, पेरणी त्यानंतरची. गोळी चर काढते. शांत झालेल्या त्या महिन्यांत लेकराला मागायला, थांबायला, स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं नाही, तर गोळी उतरवली की सगळं परत येतं.

घरच्यांनी काय बघायचं

सगळ्यात आधी वजन. रिस्पेरिडोनने भूक प्रचंड वाढते. वर सांगितलेल्या अभ्यासात 8 आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी 2.7 किलोने वाढलं, दुसऱ्या गटाचं 0.8 किलोने. कमी खाणारं लेकरू मागून मागून खायला लागलं की आजीला आनंद होतो, आणि तिचा आनंद मला समजतो. पण वर्षभरात ते गरगरीत होतं, मग साखर आणि चरबीच्या तक्रारी सुरू होतात. गोळी सुरू करण्याआधी वजन, उंची, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबी तपासून तारखेसह लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, नंतर डॉक्टर सांगतील तसं. वजन तर दर महिन्याला करा. अंगणवाडीत, उपकेंद्रात, माझ्यासारख्याच्या दुकानात, कुठेही काटा मिळेल. घरात फरसाणाची, कुरकुऱ्यांची पाकिटं आणूच नका. समोर असलं की हे मूल खाणारच.

दुसरी गोष्ट लोक लाजेने सांगत नाहीत. रिस्पेरिडोनने शरीरातलं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू शकतं. मुलाची छाती वाढते, मुलीची पाळी चुकते किंवा बंद होते, कधी स्तनातून दूध येतं. मुलगा आंघोळीच्या वेळी अंगाला हात लावू देत नाही, म्हणून आईलाही उशिरा कळतं. हे लपवायचं दुखणं नाही. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून यातून मार्ग निघतो.

ॲरिपिप्राझोलने वजन तुलनेने कमी वाढतं, पण त्याचा एक फसवा दुष्परिणाम आहे. काही मुलांना आतून अशी अस्वस्थता येते की एका जागी बसवत नाही. सतत येरझारा, पाय हलवणं, चिडचिड. घरच्यांना वाटतं राग वाढला, मात्रा वाढवायला हवी. खरं तर ती मात्रेचीच खूण असते आणि वाढवल्याने हाल वाढतात. गोळी सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत येरझारा सुरू झाल्या तर डॉक्टरांना हे शब्दशः सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या काही दिवसांत किंवा मात्रा वाढवल्यावर कधीकधी स्नायू एकदम आखडतात. मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. लेकरू शुद्धीवर असतं आणि घाबरलेलं असतं. गावात हे पाहिलं की बाहेरचं लागलं म्हणतात आणि भगताकडे पळतात. हा औषधाचा परिणाम आहे. ग्रामीण रुग्णालयात न्या, सोबत गोळीची पट्टी न्या आणि पट्टी डॉक्टरांच्या हातात द्या. योग्य इंजेक्शन दिल्यावर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. श्वास अडकतोय असं वाटलं तर 108 ला फोन करा.

सुस्ती, लाळ गळणं, अंथरुणात लघवी होणं हे सौम्य प्रकार पुष्कळदा दिसतात आणि मात्रेची वेळ बदलून कमी होतात. वर्षानुवर्षं औषध चालू राहिलं तर तोंडाच्या, जिभेच्या, बोटांच्या नको त्या हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या कायमच्या राहू शकतात. मूल उगाच चघळल्यासारखं करतंय का, यावर लक्ष ठेवा.

आणि उन्हाळा. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. ही औषधं शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी करतात. त्यात या मुलांना तहान लागल्याचं सांगता येत नाही. दुपारी वावरात किंवा बसच्या प्रवासात न्यायचं टाळा, तासातासाला स्वतःहून पाणी, ताक द्या. खूप ताप, अंग लाकडासारखं कडक, आणि मूल भानावर नाही, असं झालं तर तो उष्माघात असेल किंवा औषधाचा दुर्मिळ पण जीवघेणा परिणाम. दोन्हींत वाट बघायची नसते. पुढची गोळी देऊ नका आणि थेट मोठा दवाखाना गाठा.

झोप

ऑटिझम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो. रात्र मोडली की दिवसाचा राग दुप्पट होतो, आणि जागरणाने थकलेल्या बापाचा हातही लवकर उठतो. म्हणून राग आणि झोप वेगळे करून चालत नाही. कित्येकदा झोप सुधारली की रागाच्या गोळीची गरजच राहत नाही.

दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं: “भाऊ, रातभर जागते अन् आम्हालेही जागवते, एखादं झोपीचं सिरप द्या ना.” त्यांना हवं असतं सर्दीचं, गुंगी आणणारं सिरप. मी देत नाही. प्रोमेथाझिनसारख्या सिरपने काही मुलं झोपण्याऐवजी आणखी उधळतात, काही दिवसांत गुंगीची सवय होऊन परिणाम संपतो, आणि 2 वर्षांखालच्या मुलाचा त्याने श्वास थांबू शकतो. मोठ्यांच्या झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा देणं तर त्याहून धोक्याचं. मूल जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल, तर टॉन्सिल तपासा. अशा मुलाला गुंगीचं औषध जिवावर बेतू शकतं.

आधी घरातल्या गोष्टी. चहा पाजू नका. आपल्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही बशीत चहा ओतून देतात आणि संध्याकाळचा चहा रात्रीची झोप खातो. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी आजीजवळ चार तास झोपलेलं मूल रात्री दहाला झोपणार नाही. एका खोलीचं घर असेल तर टीव्ही आणि मोबाइल लेकराच्या झोपेच्या तासभर आधी सगळ्यांचेच बंद व्हावे लागतात. हे अवघड आहे, पण याला पर्याय नाही. जेवण, हातपाय धुणं, दिवा मंद, तीच गोधडी, तेच गाणं, रोज त्याच क्रमाने. कूलरचा आवाज काहींना झोपवतो, काहींना छळतो. रात्री वीज गेली की तो आवाज थांबतो आणि मूल उठतं, हेही लक्षात घ्या. रात्री फिरणाऱ्या मुलासाठी दाराला घंटी बांधा आणि कडी त्याच्या हाताला न येईल अशी वर लावा. अंगणातल्या विहिरीवर जाळी हवीच.

रक्तातलं लोह कमी असलं तरी झोप मोडते. पाय शिवशिवतात, मूल रात्रभर पाय झाडतं. मोजकंच खाणाऱ्या मुलात हे सर्रास असतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी करायला सांगा.

एवढं करूनही झोप लागत नसेल तर मेलाटोनिन. अंधार पडला की मेंदू हे संप्रेरक स्वतःच तयार करतो आणि शरीराला रात्र झाल्याचं कळवतो. या मुलांमध्ये ती घडी बिघडलेली आढळते. अमेरिकेतल्या मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात सवयी सुधारण्याचे उपाय आधी सांगितले आणि ते पुरले नाहीत तर मेलाटोनिन: 1 ते 3 मिलिग्रॅमपासून सुरुवात, झोपेच्या अर्धा ते एक तास आधी, आणि 10 मिलिग्रॅमच्या पुढे नाही. लवकर झोप लागायला त्याची मदत होते. मध्यरात्री उठणाऱ्या मुलाला साध्या गोळीचा उपयोग कमी होतो. गोळी देऊन हातात मोबाइल ठेवला तर पडद्याच्या उजेडापुढे तिचं काही चालत नाही. सकाळी सुस्ती, डोकेदुखी, वाईट स्वप्नं असे त्रास काहींना होतात. मेलाटोनिनच्या गोड चघळायच्या वड्या ऑनलाइन मिळतात, त्या मागवू नका. कॅनडातल्या 2017 च्या एका अभ्यासात दुकानात मिळणारी मेलाटोनिनची 31 उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवर लिहिलेल्यापेक्षा काहींत फार कमी, काहींत कितीतरी पट जास्त मेलाटोनिन निघालं.

क्लोनिडीन दिलं असेल तर एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ते अचानक बंद करायचं नाही, रक्तदाब एकदम चढतो. बाहेरगावी लग्नाला जाताना बाटली किंवा पट्टी आधी पिशवीत.

देण्याची रीत

सिरपमध्ये मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांची गल्लत होते. डॉक्टर मिलिग्रॅम सांगतात, घरी चमच्याने मिलिलिटर मोजतात. दुकानातून सुई नसलेली छोटी सिरिंज घ्या आणि तिच्यावर खूण करून मागा. रिस्पेरिडोनचं द्रव औषध चहात किंवा कोलात मिसळू नका, त्यांच्याशी त्याचं जमत नाही. पाण्यात किंवा थोड्या दुधात चालतं. साधी गोळी चमचाभर दह्यात कुस्करून देता येते. भरल्या वाटीत मिसळली तर अर्धी वाटी उरते आणि अर्धं औषधही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मात्र कुस्करायच्या नसतात, म्हणून आधी विचारा. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. फिटसाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर ते रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल या दोन्ही औषधांचा असर कमी करतं, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

थांबवणं

ही गोळी जन्मभराची नसते. पण घरच्या घरी बंद करायचीही नसते. रिस्पेरिडोनच्या 2005 च्या अभ्यासात सहा महिने चांगल्या राहिलेल्या 32 मुलांपैकी काहींचं औषध हळूहळू काढलं. त्यांच्यातल्या 62.5 टक्के मुलांचा त्रास परत आला. औषध चालू ठेवलेल्यांत 12.5 टक्के. यातून दोन गोष्टी कळतात: काढल्यावर बऱ्याच मुलांना त्रास होतो, आणि काही मुलं औषधाशिवायही राहू शकतात. आपलं लेकरू कोणत्या गटातलं, हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. सहा महिने ते वर्षभराने हा विषय तुम्हीच काढा. शाळेची परीक्षा, घरातलं लग्न, वेचणीचा हंगाम अशा धावपळीत मात्र उतरवायला घेऊ नका.

कुठे जायचं

गावातल्या आशाताईंपासून सुरुवात करा. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात ऑटिझमही आहे. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मोठ्या ठिकाणी नागपूरचं मेडिकल आणि मिहानमधलं एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ आणि अकोल्याची शासकीय महाविद्यालयं आहेत. दर वेळी एवढा प्रवास झेपत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. 2016 च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांमध्ये ऑटिझम आहे, म्हणून प्रमाणपत्र काढा. त्यावर निरामय हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात ओपीडीचा खर्च आणि थेरपीही येते. जनऔषधी केंद्रात जी औषधं मिळतात ती तिथून घ्या.

दवाखान्यात जाताना वही, वजनाच्या नोंदी, सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या पट्ट्या न्या. आयुर्वेदाची पुडी किंवा गावातल्या कोणी दिलेलं काही चालू असेल तर तेही. नव्या जागी मूल बऱ्याचदा गप्प बसून राहतं आणि डॉक्टरांना घरचे हाल दिसत नाहीत. म्हणून घरी त्रास सुरू असताना कोणाला तरी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यायला सांगा, रात्रीच्या येरझाऱ्यांचाही. तो फक्त डॉक्टरांना दाखवा, गावच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.